पोथी कोणी खाल्ली?

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या कोकणातल्या घरात कोणालाही सुखाने बसता येत नसे. माळ्यावरची भांडी खाली येत, कोठीतले डबे उन्हात जात आणि सर्वांत शेवटी पाळी येई ती कोठीच्याच कोपऱ्यात ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेची. तिच्यात तांबड्या रुमालात बांधलेले आमचे घरचे दप्तर होते. दोन-तीन पोथ्या, खोतीचे काही कागद आणि एक जाडजूड मोडी बाड. रुमाल सोडायचा, कागदांवर फुंकर घालायची, हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा गाठ मारायची, एवढाच त्या दप्तराशी आमचा वर्षाचा संबंध. मोडी वाचणारे आजोबा गेल्यापासून आत काय लिहिले आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

१९८७ सालच्या दिवाळीत रुमाल सोडला तेव्हा बाडाखालून एक रुपेरी किडा सुळकन् पळाला. बाडाच्या पुठ्ठ्यावर टाचणीने टोचावी तशी पाच-सहा भोके दिसली. वडिलांनी चष्मा वर करून पाहिले आणि निकाल दिला, "कसर लागली."

मग ठरलेला उपाय झाला. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या, रुमाल घट्ट आवळला. आजीने शकुनाला आणि रक्षणाला म्हणून पाच हळकुंडे रुमालात बांधून ठेवली होती, ती तशीच आत राहिली. पुढली चार वर्षे गोळ्या न चुकता बदलल्या. रुपेरी किडा पुन्हा दिसला नाही. कसरीचा बंदोबस्त झाला म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

१९९१ साली पुण्यातल्या एका वयोवृद्ध ग्रंथपालांशी ओळख निघाली. "मोडी वाचून देतो, घेऊन या," म्हणाले. वडील आणि मी दप्तर घेऊन गेलो. त्यांनी बाड एका मोठ्या कागदावर ठेवले आणि उघडण्यापूर्वी नुसते हलकेच आपटले. कागदावर रव्यासारखी भुकटी सांडली. पाने उलगडू लागले तर ती एकमेकांना चिकटून त्यांची वडी झालेली. चार वर्षांपूर्वी पाच-सहा भोके होती, आता पानांची चाळण झाली होती.

"कसरीसाठी गोळ्या टाकत होतो हो दर वर्षी," वडील ओशाळून म्हणाले.

"कसरीने असे गोल भोक पाडलेले कधी पाहिलेत का तुम्ही?" ग्रंथपाल म्हणाले. "त्या बिचारीला तुम्ही भलत्याच गुन्ह्यात अडकवलेत. खरा चोर आत बसून जेवत होता आणि तुम्ही दारावर पहारा ठेवलात."

नंतर त्यांनी वाचता येईल तेवढे वाचून दाखवले. ते बाड म्हणजे आमच्या पणजोबांच्या लग्नाचा जमाखर्च होता. शके १८१० म्हणजे १८८८ सालचा. नारळ किती, तांदूळ किती, वाजंत्र्यांना काय दिले, सारे लिहिलेले. आणि पहिल्याच पानावर अमक्यांची कन्या चिरंजीव 'गो' एवढे अक्षर, त्यापुढे भोक. पणजीचे सासरचे नाव लक्ष्मी, ते सगळ्यांना माहीत. पण लग्नात नाव बदलण्याची तेव्हाची रीत, त्यामुळे तिचे माहेरचे नाव जगात फक्त त्या एका ओळीत उरले होते. आत्या म्हणत, गोपिका असावे. वडील म्हणत, गोदावरी. खरे काय ते अळीला ठाऊक.

तेव्हापासून मी किडे ओळखायला शिकलो. अशी एखादी ट्रंक पुष्कळ घरांत असते, म्हणून जे शिकलो ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो.

एक शब्द, अनेक चोर

आपल्याकडे पुस्तकाला काहीही झाले की 'कसर लागली' म्हणण्याची सवय आहे. कपडा कुरतडला, कसर. कागदाला भोक पडले, कसर. आणि ही चूक एकट्या आपलीच नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या वस्तूंची सुरेख चित्रे त्यात आहेत. त्यात त्याने कसरीचेही चित्र काढले आणि पुस्तकांना आरपार भोके पाडणारा किडा तो हाच, ही त्या काळची समजूत तिथे नोंदवली. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाच्या ग्रंथातही जिथे भलताच आरोपी उभा राहिला, तिथे माझ्या वडिलांना काय दोष द्यायचा?

वास्तविक पुस्तकाचे नुकसान करणारे किडे निरनिराळे आहेत. प्रत्येकाचे खाणे वेगळे, राहणी वेगळी आणि मागे ठेवलेली खूणही वेगळी. किडा स्वतः क्वचितच सापडतो, पण खुणा हमखास सापडतात. पोलीस जसे चोराच्या पाऊलखुणा पाहतात तशा त्या पाहायच्या. साधने फारशी लागत नाहीत. एक भिंग, एक विजेरी, एक मऊ ब्रश आणि एक गडद रंगाचा कागद.

रुपेरी कसर

आधी बदनाम झालेल्या कसरीची ओळख करून घेऊ. ही सुमारे सेंटिमीटरभर लांब, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळती असते. पंख नसतात. अंगावर रुपेरी खवले, पुढे दोन लांब मिशा, मागे केसांसारख्या तीन शेपट्या. उजेड पडला की क्षणात नाहीशी होते. ती वर्षानुवर्षे जगते आणि महिनोन्महिने उपाशी राहू शकते.

तिला कागदापेक्षा कागदावरच्या खळीची आवड. जुना हातकागद लिहिण्याजोगा व्हावा म्हणून त्याला खळ लावून घोटत असत. ती खळ कसर वरवर खरवडून खाते. त्यामुळे कागदावर वेडेवाकडे, नकाशासारखे पातळ डाग पडतात. पान उजेडासमोर धरले की ते झिरझिरीत दिसतात. कडा कुरतडल्यासारख्या होतात. छापील पुस्तकांच्या गुळगुळीत चित्रांवर आणि खळ दिलेल्या कापडी बांधणीवरही तिचे प्रेम असते.

मात्र तिचा गुन्हा किरकोळ समजू नये. काजळीची शाई कागदात फारशी मुरत नाही, वरच बसलेली असते. कसर खळ खाते तेव्हा तिच्याबरोबर अक्षरही जाते. पान शाबूत आणि मजकूर नाहीसा, असा चमत्कार कुठे दिसला तर तो हिचा समजावा.

गोल भोक कोणाचे?

आता आमच्या बाडाचा खरा गुन्हेगार. हा एक भुंगेरा आहे, दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी. हात लावला की पाय आवळून मेल्याचे सोंग घेतो. पुस्तक खातो तो हा नव्हे, त्याची अळी. मादी पुस्तकाच्या पाठीशी, शिवणीच्या खाचेत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरल्याची जागा डोळ्यांना दिसत नाही. पांढरट, धनुष्यासारखी वाकलेली ती अळी खळ, पुठ्ठा, कागद खात बोगदे पोखरत राहते. मग आतच कोश करते आणि कोशातून निघालेला भुंगेरा बाहेर पडताना मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक पाडतो.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्यावा. आपण जे भोक पाहतो ते चोर जेवून बाहेर पडल्याचे आहे. १९८७ साली आम्हाला पाच-सहा भोके दिसली तेव्हा निदान पाच-सहा अळ्या आपले काम उरकून गेल्या होत्या आणि त्यांची भावंडे आत होती. गोळ्यांच्या वासाने बाहेरचा किडा दूर राहतो. जाड बाडाच्या पोटात बसलेल्या अळीपर्यंत तो वास पुरेसा पोचतच नाही.

या भुंगेऱ्यांच्या काही जाती आहेत. हिंदुस्थानातल्या ग्रंथसंग्रहांत आढळणाऱ्या एकीचे शास्त्रीय नावच 'गॅस्ट्रॅलस इंडिकस' आहे. आणखी दोन जाती मात्र आपल्या गृहिणींच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. धने, मिरची, हळद, तंबाखू, सुकी औषधे यांत जे बारीक तांबूस किडे होतात तेच हे. भिंगाखाली एकाच्या पाठीवर बारीक टिंबांच्या सरळ ओळी दिसतात आणि मिशांची टोके फुगीर असतात. दुसऱ्याची पाठ गुळगुळीत, मिशा करवतीच्या दात्यांसारख्या आणि डोके खाली वाकलेले, त्यामुळे बाजूने पाहिला तर कुबडा वाटतो. आमच्या बाडात हा कुबडा होता.

तो आला कोठून? ग्रंथपालांनी रुमाल झटकला तेव्हा आजीची पाच हळकुंडे टेबलावर पडली. त्यांतले एक उचलून त्यांनी बोटांनी दाबले. त्याची भुकटी झाली. पाचही आतून पोखरलेली होती. कागदाच्या रक्षणासाठी घातलेल्या हळदीतूनच चोर घरात आला होता. ट्रंक कोठीच्या खोलीत होती, तेव्हा हळकुंडे नसती तरी तो शेजारच्या डब्यांतून आला असता ही गोष्ट निराळी. आजी तोवर वारली होती. तिला हे कळले नाही हे बरेच झाले.

भोक जुने की नवे, हा पुढचा प्रश्न. त्याची परीक्षा सोपी आहे. पुस्तक ब्रशने स्वच्छ झाडावे, गडद कागदावर ठेवावे आणि कागदावर तारीख लिहावी. महिन्याने पाहावे. ताजी भुकटी पडली असेल तर आत वस्ती चालू आहे. पडली नसेल तर बहुधा भोके मागल्या पिढीची आहेत. पण उबदार हवेत दोन-अडीच महिन्यांत या किड्यांची एक पिढी पुरी होते, म्हणून दोन-तीन वेळा पाहूनच निर्णय करावा.

मातीच्या रेषा

वाळवीची ओळख करून देण्याची गरज नाही असे वाटेल, पण तिच्याबाबतीतही फसगत होते. भिंतीवरून किंवा फडताळाच्या पायावरून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेषा वर गेलेली दिसली तर ती वाळवीची झाकलेली वाट. वाळवी उजेडात येत नाही. पुस्तकाचा बाहेरचा पुठ्ठा, कणा शाबूत ठेवून आतले सारे फस्त करते. रांगेत ऐटीत उभे असलेले पुस्तक हातात घेतले की नुसते टरफल हातात येते.

सुक्या लाकडात राहणारी वाळवी मातीची वाट बांधत नाही. ती फडताळाच्या फळीतच असते आणि खाली खसखशीसारखे कोरडे दाणे टाकते. भिंगाखाली त्या दाण्यांच्या बाजू चपट्या दिसतात. भुंगेऱ्याची भुकटी आणि हे दाणे यांची गल्लत करू नये.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी पंखांचा खच पडतो, तेव्हाही नीट पाहावे. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर त्या मुंग्या. कंबर सरळ आणि चारही पंख सारखे असतील तर ती वाळवी. घरातल्या घरात, बंद खोलीत असे पंख सापडले तर वारूळ भिंतीत किंवा जोत्याखाली आहे असे समजून जाणत्याला बोलवावे. हे काम घरगुती नव्हे.

उलट मातीचा प्रत्येक गोळा वाळवीचाच असे नाही. पुस्तकांच्या पाठीमागे, कण्याच्या पोकळीत कुंभारीण माशी छोट्या मडक्यासारखी मातीची घरटी बांधते. आत तिच्या पिल्लांसाठी आणून ठेवलेल्या अळ्या किंवा कोळी असतात. ही कागद खात नाही. माती चिकटून बांधणी खराब होते तेवढीच. घरटे कोरडे असताना अलगद काढले की झाले.

बाकीची मंडळी

झुरळाला पुस्तकांच्या कापडी पुठ्ठ्यांवरची खळ आवडते. ते पुठ्ठा वरवर कुरतडते, रंग उडवते आणि काळपट डाग पाडते. पुस्तकांच्या मागे तपकिरी, पाकिटाच्या आकाराची त्याची अंड्यांची पेटी सापडते. काळ्या लेंड्या सापडल्या तर टोक पाहावे. टोकाशी पांढरा ठिपका असेल तर ती पाल. पाल कागदाला डाग पाडते, पण ती तिथे आहे याचा अर्थ तिला खायला किडेही तिथे आहेत.

चामडी बांधणीवर केसाळ, तपकिरी अळ्या आणि त्यांच्या टाकलेल्या काती दिसतात. त्या चामडे, लोकर आणि मेलेले किडे खातात. म्हणून मेलेली झुरळे कपाटात तशीच पडू देणे म्हणजे दुसऱ्या पाहुण्यांना आमंत्रण देणे.

आणि पान उघडताच पांढरट, टाचणीच्या टोकाएवढे किडे सैरावैरा धावू लागले तर घाबरू नये. इंग्रजीत त्यांना पुस्तकातल्या उवा म्हणतात. ते मुख्यतः कागदावरची सूक्ष्म बुरशी खातात, कागदाचे नुकसान थोडेच करतात. पण ते एक निरोप घेऊन आलेले असतात. त्या जागी ओल आहे. आज त्या आल्या, उद्या बुरशी डोळ्यांना दिसेल आणि परवा कसर येईल. ओल घालवली की त्या आपोआप जातात.

एका भोकाची किंमत

एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. वि. का. राजवाडे १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड घेऊन लोकांपुढे आले. पुढे त्यांचे बावीस खंड निघाले, ते गावोगाव हिंडून, लोकांच्या घरांतली दप्तरे धुंडाळून. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. आपला इतिहास बराचसा या रुमालांतून बाहेर आला आहे. पत्रातल्या मितीचा एक अंक गेला की लढाईचा महिना बदलतो, एक अक्षर गेले की माणूस बदलतो. आणि जे कागद संस्थांपर्यंत पोचले नाहीत ते अजून तुमच्या-आमच्या माळ्यांवर आहेत. त्यांना राखणदार आपणच.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, काय करू नये ते. पोथ्या कडक उन्हात पसरू नयेत. कागद ठिसूळ होतो, शाई उडते. रॉकेल, तेल किंवा किडे मारण्याचा फवारा पुस्तकावर मुळीच मारू नये. एके काळी कपाटांतून डीडीटीची भुकटी शिंपडत. किड्यांबरोबर ती माणसालाही बाधक, म्हणून ती रीत टाकून दिली गेली. वेखंड, कडुनिंबाचा पाला, कापूर यांनी किडा थोडा दूर राहतो इतकेच. आत बसलेली अळी त्यांनी मरत नाही, आणि पाल्याचा चुरा पुस्तकातच साठतो.

आपल्या पूर्वजांनी हरताळ वापरला. पोथीत चूक झाली की तिच्यावर हे पिवळे द्रव्य फासून वर दुरुस्ती लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातलाच. हरताळात सोमल असल्यामुळे किडेही अशा पानांच्या वाटेला फारसे जात नसत. तेव्हा पिवळ्या पट्ट्यांची जुनी पोथी हाताळल्यावर हात धुवावेत आणि पाने उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय सोडावी.

आता उपाय. आत जिवंत वस्ती आहे अशी खात्री झाली, तर आज जगभरची ग्रंथालये थंडीचा उपयोग करतात. कोरडे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड पक्के बंद करून उणे अठरा अंश तपमानात दोन आठवडे ठेवतात. आणखी थंड यंत्र असले तर कमी दिवस पुरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवतात, म्हणजे दव पिशवीवर जमते, कागदावर नाही. अंडी, अळ्या, भुंगेरे सारे मरतात आणि विष कोठेच उरत नाही. साध्या छापील पुस्तकाला हे घरीही करता येते. ताडपत्रे, रंगीत चित्रांच्या पोथ्या, चामडी बांधणी यांच्याबाबतीत मात्र स्वतःच्या मनाने काही न करता जवळच्या संशोधन संस्थेतल्या जाणकाराला दाखवावे.

पोर्तुगालमध्ये कोईंब्रा येथील जुन्या ग्रंथालयात रात्री वटवाघळे किडे टिपतात, आणि त्यांच्या घाणीपासून जपण्यासाठी रोज मेजांवर चामडे पसरतात. आपल्या घरी हा उपाय गृहिणींना पसंत पडणार नाही. त्यापेक्षा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. दप्तर कोठीच्या खोलीत ठेवू नये. रद्दीतून किंवा पदपथावरून आणलेले पुस्तक महिनाभर वेगळ्या पिशवीत ठेवून, भुकटी पडत नाही हे पाहूनच रांगेत लावावे. कपाटाखाली चिकट कागद ठेवून त्यावर तारीख घालावी आणि महिन्याने कोण अडकले ते वहीत लिहावे. रोग येण्याआधी रोग्याची नाडी पाहण्यासारखे हे आहे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक वाचकाला विनवतो की, तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ही पोथी राख. सैल बांधणीचे मर्म मला फार उशिरा कळले. घट्ट बांधलेल्या रुमालात ओल, धूळ आणि किडा यांना शिरायला जागा कमी मिळते. पण बांधण्यापूर्वी आत काय आहे ते पाहायला हवे. आम्ही चोराला आत ठेवून गाठ आवळली.

दिवाळी झाली की पावसाची ओल सरते, हवा कोरडी होते. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, जैन बांधव आपल्या ग्रंथभांडारांतल्या पोथ्या बाहेर काढतात, झाडून-पुसून त्यांची पूजा करतात. कीटकशास्त्राच्या दृष्टीने याहून चांगला मुहूर्त नाही. त्या दिवशी आपणही रुमाल सोडावा, भिंग घ्यावे आणि एकेक पान पाहावे. आणि पाहता पाहता वाचावेही, किंवा वाचणाऱ्याकडून वाचून घेऊन त्याची नक्कल करून ठेवावी.

आमच्या बाडाला त्या ग्रंथपालांनी तेव्हाच्या रीतीप्रमाणे हवाबंद पेटीत धुरी दिली, वडी झालेली पाने जमतील तेवढी सोडवली, भोकांमागे पातळ कागद लावला. ते आता नीट आहे. मी दर वर्षी ज्ञानपंचमीला ते उघडतो. नारळांचा हिशेब वाचतो, वाजंत्र्यांचे पैसे वाचतो. पहिल्या पानावर 'गो' या अक्षरापुढे कोरा कागद लावलेला आहे. नक्कल करताना मीही तिथे जागा सोडली आहे. आजोबांच्या हयातीत कोणी एकदा ते पान त्यांच्याकडून वाचून घेतले असते, तर ती जागा सोडावी लागली नसती.